परवा अमावस्या, आज वाफसा: पेरायचं की थांबायचं?

प्रश्न लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. बरंचसं रान कोरडवाहू, थोडं विहिरीखाली. जूनच्या शेवटी दोन दमदार पाऊस झाले, रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, आलाय, सोयाबीन आणि तुरीचं बी घरात येऊन पडलंय. पण परवा अमावस्या. वडील म्हणतात, अमावस्या टळू दे, चंद्र चढतीला लागला की मूठ धरू. वर येणारं पीक शुद्ध पक्षात, जमिनीखाली पोसणारं वद्य पक्षात, असंच पहिल्यापासून चालत आलंय. त्यात मोबाईलवर कुणीतरी एक ‘चंद्र कॅलेंडर’ पाठवलंय, त्यात पेरणीचे दिवस तिसरेच. तो विचारतो, यात खरं किती आणि मी आता करू काय? जाता जाता अमावस्येच्या फवारणीचं आणि बांबू तोडण्याचंही विचारलंय.

आधी ‘करू काय’ ते सांगतो, कारण वाफसा माझं उत्तर संपेपर्यंत थांबणार नाही.

उद्या पेरा. उद्या उरकलं नाही तर परवा, अमावस्येला, औत आणि ट्रॅक्टर उभे ठेवा, वडिलांचा शब्द राखा, आणि प्रतिपदेला पहाटे पुन्हा सुरू करा. एका दिवसानं काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘चंद्र जरा मोठा होऊ दे’ म्हणत आठ-दहा दिवस काढले की. जूनच्या शेवटी भारी काळ्या रानातला वाफसा ऊन-वारा कसा आहे त्यावर तीन-चार दिवस टिकतो, हलक्या मुरमाड रानात त्याहून कमी. पुढचा पाऊस कधी, हे तुमच्या-माझ्या हातात नाही.

आता वाफसा खरंच आलाय का, एवढं मात्र बघा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस वर्षानुवर्षं तीच आहे: 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी नको. गावात पर्जन्यमापक असेल तर आकडा घ्या, पण आकड्यावर थांबू नका, रानात जा. पेरायच्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी खुरप्यानं वीतभर उकरा. वरची चार बोटं ओली आणि खाली भुकटी असेल तर तो पाऊस पेरणीचा नाही, तो फक्त तण उगवण्याचा. ओल वीतभर असेल तर खालची माती मुठीत दाबा. लाडू झाला, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर फुटून मोकळा झाला, तर वाफसा. नुसताच चपटा होऊन पडला तर रान अजून ओलं आहे. त्यात तिफण घातली तर फणाला चिखल, नळे तुंबणार आणि सरी वर दगडासारखी वाळणार. लाडूच झाला नाही तर उशीर झाला. सोयाबीनच्या दाण्याला कोंब काढायला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी प्यावं लागतं, ज्वारीला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पुरतं. म्हणून ओलीला सोयाबीनसारखं नाजूक पीक नाही. अर्धं पाणी पिऊन ओल संपली की दाणा जागेवर कुजतो, आणि मग दुबार पेरणी. एकरी 26 ते 30 किलो बियाणं, खत, भाडं, सगळं पुन्हा. आणि तोवर मूग-उडदाची वेळ तर निघूनच गेलेली असते. ती पिकं जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढं ढकलू नयेत, सोयाबीन फार तर 15 जुलैपर्यंत.

वडिलांना हे आकडे सांगून काही होणार नाही, मला माहीत आहे. त्यांना एक वेगळी गोष्ट विचारा: आजोबा पेरणी कशावर धरायचे, तिथीवर की नक्षत्रावर?

माझं उभं आयुष्य मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात गेलं, आधी बापाच्या औतामागं आणि मग कृषी खात्याच्या नोकरीत गावोगाव. जुन्या माणसांच्या तोंडी पेरणीबद्दल जे ऐकलं ते जवळजवळ सगळं नक्षत्राचं होतं. रोहिणीत शेणखत पांगून झालं पाहिजे, मृग साधला तर मूग साधला, आर्द्रात ज्वारी-कापूस, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हत्तीचा, म्हणजे हस्ताचा, पाऊस रब्बीला, पडतील स्वाती तर पिकतील मोती. ही नक्षत्रं चंद्राची नाहीत, सूर्याची आहेत. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, म्हणून मृग दरवर्षी 7-8 जूनलाच लागतं, आर्द्रा 21-22 जूनला, हस्त 26-27 सप्टेंबरला. इंग्रजी तारीख न बदलता. पाऊस सूर्याच्या चालीवर येतो, तेव्हा पावसाचं कॅलेंडर सूर्याचं ठेवलं हा आपल्या लोकांचा शहाणपणा. मोसंबीवाल्यांचा मृग बहारही त्याच मृगाचा.

पंचांगात दुसरंही मृग असतं, ते चंद्राचं. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र पुढं सरकतो आणि सव्वासत्तावीस दिवसांत सगळी 27 फिरून येतो. ‘आज रोहिणी, उद्या मृग’ हे जे दिनदर्शिकेच्या चौकटीत छापलेलं असतं ते हे. बीजोप्तीचे, म्हणजे बी टाकण्याचे मुहूर्त काढतात ते या चंद्रनक्षत्रावर आणि तिथीवर. गावात या दोन्हींची सरमिसळ होते. कुणी दिनदर्शिकेत ‘मृग’ बघून महिनाभर आधीच मृग लागल्याचं सांगतो, कुणी सूर्याच्या मृगाला चंद्राचे नियम लावतो. तुमच्या वडिलांचंही तेच झालेलं दिसतंय. पेरणीचा हंगाम त्यांनी सूर्यावरूनच धरलाय, म्हणून तर बी जूनमध्ये घरात आलं. फक्त शेवटचा दिवस चंद्राकडं मागताहेत.

चंद्र पावसाच्या हिशेबात एका जागी शिरलेला आहे, तो म्हणजे वाहन. सूर्य ज्या क्षणी नक्षत्र बदलतो त्या क्षणी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, मेंढा, गाढव, उंदीर, घोडा ठरवायचं. बेडूक-म्हैस-हत्ती निघाले की पारावर खुशी, कोल्हा-मेंढा निघाले की तोंडं पडतात. हा शुद्ध भागाकार आहे. तो औशाला बेडूक देतो तेव्हा सिल्लोडलाही बेडूकच देतो, आणि मराठवाड्यात पाऊस बांधाच्या अलीकडं पडून पलीकडं कोरडा ठेवतो हे मी तुम्हाला सांगायला नको. गप्पांना ठीक आहे, बियाण्याची पिशवी फोडायला नाही.

तिथीवर पेरणी धरली तर काय होतं याचं सरळ उदाहरण रब्बीत सापडतं. ‘घट बसले की ज्वारीची मूठ’ असं बऱ्याच गावांत म्हणतात. घटस्थापना आश्विन शुद्ध प्रतिपदेला. आता तारखा बघा: 2019 ला 29 सप्टेंबर, 2020 ला 17 ऑक्टोबर, 2022 ला 26 सप्टेंबर, 2023 ला 15 ऑक्टोबर. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी मागं सरकतात आणि साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना आला की एकदम पुढं उडी मारतात. कोरडवाहू रब्बी ज्वारी पेरायचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. 2019 ला घटाबरोबर पेरणारा बरोबर मधोमध होता. 2020 ला घटाची वाट बघणाऱ्याची वेळ टळून गेली होती. हत्तीचं नक्षत्र मात्र दोन्ही वर्षी 27 सप्टेंबरच्या आसपासच लागलं. मालदांडी काय किंवा परभणी मोती काय, रब्बी ज्वारी उगवून येते आणि वाढते ती परतीच्या पावसानं जमिनीत साठवलेल्या ओलीवर. ओल कमी होत जाते ती ऊन-वाऱ्यानं, घट कधी बसले यानं नाही.

आणि अधिक महिना तरी कुठं पाळतो आपण? धोंड्याच्या महिन्यात शुभकार्य नाही म्हणतात. 2026 ला अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा आहे, म्हणजे मृग त्यातच लागतो. त्या वर्षी मृगात पाऊस पडला तर कुठला बाप ‘धोंडा संपू दे’ म्हणून चाड्यावरची मूठ आवरेल? जावयाला अनारसे देऊन लोक संध्याकाळी रानातच जातील.

घटाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवडीची म्हणून सांगतो. घटाभोवती काळी माती पसरून त्यात गहू, ज्वारी, हरभरा, जवस, करडई असं घरचं धान्य टाकतात आणि नऊ दिवस पाणी शिंपडतात. नवव्या दिवशी म्हाताऱ्या बायका वाकून बघतात, कोणतं दाट आलं, कोणतं विरळ. त्यावरून ‘औंदा हरभरा चांगला’ असं भाकीत करतात. भाकीत सोडा, पण घरचं रब्बीचं बी उगवतं का नाही याची ती तपासणीच आहे, अंधारात, उबेला, बेताच्या ओलीवर. विरळ उगवलेलं बी पेरायचं नाही, एवढा अर्थ घेतला तरी पुष्कळ. खरिपाला असं काही नाही, म्हणून सोयाबीनची तपासणी आपल्यालाच करावी लागते: शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं, पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर आणि वर असतील तर नेहमीचं प्रमाण, कमी असतील तर त्या मानानं बी वाढवायचं, फारच कमी असतील तर ते मोंढ्यावर. तुम्ही हे मे महिन्यात केलं असेल असं धरून चालतो.

वरचं-खालचं, शुद्ध-वद्य या नियमाकडं येऊ. शुद्ध पक्षात रस वर चढतो म्हणून दाणा-पाला-फळ, वद्यात रस खाली उतरतो म्हणून कांदा, लसूण, मुळा, हळद. हा नियम मी कोरडवाहू शेतकऱ्यांकडून फार कमी ऐकला, माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, बागायतदारांकडून आणि अलीकडं मोबाईलवरून जास्त. गंमत म्हणजे आपलीच परंपरा तो पाळत नाही. वसमत, हिंगोली, अर्धापूर भागात हळदीची लागवड अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर सुरू करायची चाल आहे. हळद जमिनीखाली पोसते आणि अक्षय तृतीया वैशाख शुद्ध तृतीया. म्हणजे नियमाच्या बरोबर उलट, आणि वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन मिळालंय! त्या मुहूर्ताची खरी अडचण वेगळीच आहे. 2023 ला अक्षय तृतीया 22 एप्रिलला होती, 2024 ला 10 मे ला. 22 एप्रिल म्हणजे ऐन उन्हाळा आणि विहिरीनं तळ गाठलेला. जाणते लोक त्या दिवशी पाच कंद पुजून लावतात, आणि खरी लागवड मे च्या मध्यापासून पाणी बघून करतात. मुहूर्त साधला आणि पीकही. तुमच्या वडिलांसाठी हीच वाट सुचवेन: त्यांच्या मनातल्या दिवशी एका सरीत मूठ धरू द्या, बाकी रान वाफशावर.

रस चढण्या-उतरण्याचं कारण सांगताना लोक भरती-ओहोटीचा दाखला देतात. चंद्र समुद्र ओढतो मग झाडातलं पाणी का नाही ओढणार? ऐकायला पटतं. पण समुद्राला मोठं उधाण पौर्णिमेला येतं तसंच अमावस्येलाही येतं. कोकणातला कुठलाही नाखवा सांगेल. ओढीवरच रस चढत असता तर अमावस्येलाही तेवढाच चढला असता, मग वद्य पक्षाचा नियम राहतो कुठं? शिवाय समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला म्हणून त्याच्यावर ती ओढ दिसते. पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या मानानं चंद्राची भरती आणणारी ओढ एक कोटीव्या भागाच्या आसपास. तुमच्या विहिरीला डोळ्याला दिसावी अशी भरती येत नाही, तर हातभर रोपातल्या पाण्याला काय येणार. झाडात पाणी वर चढतं ते पानांतून वाफ उडते म्हणून, आणि ती उडते ऊन-वाऱ्यानं. चांदण्याचं म्हणाल तर पुनवेचा उजेड उन्हाच्या चार लाखाव्या भागाइतका. त्यावर अन्न तयार होत नाही.

मग लोकांना अनुभव कसा येतो? येतो, कारण कोरडवाहू रानात चंद्र आणि पाऊस वेगळे काढता येत नाहीत. शुद्ध पंचमीला पेरलं आणि वद्य पंचमीला पेरलं यात पंधरा दिवसांचं अंतर पडतं. त्या पंधरा दिवसांत पाऊस, ओल, तापमान, कीड, सगळंच बदलतं. पीक चांगलं आलं की श्रेय तिथीला, वाईट आलं की पावसाला. तुम्हाला खरंच बघायचं असेल तर विहिरीखालच्या रानात मेथी आणि मुळ्याचे वाफे करा. एकाच पिशवीतलं बी, सारखं मोजून, सारखं पाणी, आणि दर पंधरवड्याला एक वाफा, वर्षभर. कोणत्या वाफ्याची तिथी काय हे कापणी करून वजन करणाऱ्याला कळू देऊ नका. मी हे वाफे केलेत. हिवाळ्यातला मुळा आणि मे मधला मुळा यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण शुद्ध आणि वद्य असा कायमचा फरक मला काही दिसला नाही. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात ते थंडी, वाण आणि लागवडीची वेळ यांमुळं. तिथी बदलून डेंगळे थांबलेले मी कुठं पाहिले नाहीत.

मोबाईलवरच्या कॅलेंडरबद्दल थोडक्यात. त्यात ‘मुळाचा दिवस, पानाचा दिवस, फुलाचा दिवस, फळाचा दिवस’ असे चार रंग असतील तर ते आपल्या पणजोबांचं नाही. त्याचं मूळ युरोपात आहे. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी जून 1924 मध्ये कोबरविट्झ (आता पोलंडमध्ये) इथं शेतीवर व्याख्यानं दिली, तिथून जैवगतिकी (बायोडायनॅमिक) शेती निघाली. पुढं जर्मनीतल्या मारिया थुन यांनी चंद्र कोणत्या राशीत यावरून हे चार प्रकारचे दिवस बसवले. त्यावर ‘प्राचीन भारतीय’ असा शिक्का मारून कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. आणखी एक घोळ असा की त्यातला ‘चढता-उतरता’ चंद्र म्हणजे शुद्ध-वद्य नव्हे. आकाशात चंद्र रोज थोडा उत्तरेकडं किंवा दक्षिणेकडं सरकतो, ते त्याचं चढणं-उतरणं. तो फेरा सव्वासत्तावीस दिवसांचा, कलांचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळं वद्य पक्षातही चंद्र ‘चढता’ असू शकतो. वडिलांचा नियम आणि कॅलेंडर यांचं भांडण म्हणूनच मिटत नाही. दोघांचा चंद्र एकच, माप वेगळं.

एवढं सगळं म्हटलं म्हणून चंद्र शेतातून हद्दपार करा असं माझं म्हणणं नाही. त्याची कामं दुसरी आहेत, आणि ती जुन्या लोकांना पक्की ठाऊक होती.

पहिलं काम सुट्टीचं. अमावस्येला औत धरायचं नाही, हा मराठवाड्यातला सगळ्यात कडक पाळला जाणारा नियम. पेरणीच्या धामधुमीत मालक बैलाला किती राबवेल याला मर्यादा नव्हती. महिन्यातून एक दिवस कुणाचीही परवानगी न मागता त्याचं जू उतरायचं. सालगड्यालाही तोच दिवस जरा हलका जायचा, नाहीतर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत त्याला उसंत कुठली. श्रावणाच्या अमावस्येला पोळा आणि त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी: जुवानं सुजलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, शेकायचं. म्हणूनच अमावस्येचा एक दिवस मी कधी मोडायला सांगत नाही. ट्रॅक्टर आले तरी आमच्याकडं ड्रायव्हर त्या दिवशी बोनेटपुढं नारळ फोडून मगच किल्ली लावतात, काही तर लावतच नाहीत. तो दिवस बीजप्रक्रियेला वापरा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी, पेरणीच्या अगदी तोंडावर, रायझोबियम आणि पीएसबी (नत्र आणि स्फुरद मिळवून देणारे जिवाणू). जिवाणू लावलेलं बी सावलीत सुकवायचं, उन्हात नाही.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या तर तुमच्या लातूर-धाराशिवची खासच. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि रानभर आंबील शिंपडत फिरणारा घरधनी. शहरं त्या दिवशी ओस पडतात. त्यात मला शेतकी म्हणून आवडते ती फेरी. ज्वारी पोटरीत किंवा निसवायला आलेली, हरभरा फुलात, तूर शेंगेत, आणि घरातलं प्रत्येक माणूस बांधाबांधानं चालतं. एरवी जी बाजू कुणी बघत नाही तीही त्या दिवशी बघितली जाते. घाटेअळी, मर, रानडुकरांनी लोळवलेला पट्टा, सगळं नजरेत येतं. आंबील शिंपडताना हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर दुसऱ्या दिवशी फवारा काढा.

आता अमावस्येची फवारणी. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा भाग आहे आणि यात तथ्य आहे. कापसाच्या बोंडअळ्यांचे पतंग निशाचर. काळोख्या रात्री त्यांचा वावर आणि अंडी घालणं वाढतं असं शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, आणि कृषी खात्याचे लोकही अमावस्येच्या आगेमागे सावध राहायला सांगतात. पण ‘अमावस्या आली, मार फवारा’ इथं मी थांबवतो. गुलाबी बोंडअळी 2017 ला कशी आली आठवा. अंड्यातून निघालेली अळी थोड्या वेळात पातीत-बोंडात शिरते, तिच्यामागं छिद्र बुजून जातं, मग वरून कितीही औषध मारा, ते पानाला मिळतं, अळीला नाही. दिवस चुकला की फवारणी वाया. म्हणून दिवस तिथीनं नाही, सापळ्यानं ठरवा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), पीक दीड महिन्याचं झालं की. सकाळी पिशवीतले पतंग मोजा आणि आकडा वहीत लिहा. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग किंवा जास्त आले, किंवा शंभरातली दहा फुलं डोमकळी झालेली, म्हणजे अळीनं पाकळ्या मिटून राहिलेली, दिसली, की फवारणी. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क, पुढं गरजेप्रमाणं शिफारशीतलं औषध, लेबलवर लिहिलेल्या मात्रेनं. वहीत आकड्याशेजारी तिथीही लिहा. दोन हंगामांत तुम्हाला स्वतःच्या रानाचं उत्तर मिळेल, अमावस्येला आकडा चढतो की नाही.

प्रकाश सापळ्याच्या बाबतीत चंद्र फसवतो, ते ध्यानात ठेवा. पुनवेच्या आसपास दिव्यावर किडे कमी येतात. किडे घटले असं वाटतं, पण खरं तर चांदण्यापुढं दिवा फिका पडलेला असतो. त्या चार-पाच दिवसांच्या आकड्यावर फवारणी टाळू नका. आणि हुमणीचे भुंगेरे तर चंद्र बघतच नाहीत, ते पहिल्या वळवाच्या मोठ्या सरीची वाट बघतात. त्या संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर घोंगावतात, तेव्हाच फांद्या हलवून गोळा करायचे.

आकाशातली खूण म्हणून चंद्र उपयोगी आहेच. ‘जवळचं खळं, दूरचा पाऊस; दूरचं खळं, जवळचा पाऊस’ ही म्हण बऱ्यापैकी टिकते. दूरचं मोठं कडं दिसतं ते उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फकणांमुळं, आणि असे ढग पुष्कळदा मोठ्या पावसाळी ढगांच्या पुढं चालतात. चंद्राला चिकटलेलं छोटं रंगीत खळं खालच्या पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांचं. त्यानं काही ठरत नाही. तरी विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आणि हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज बघा, खळं त्याच्या जोडीला.

आणि उजेड. रब्बीत कृषिपंपाची वीज रात्रपाळीनं येते तेव्हा दार धरायला, म्हणजे सरीनं पाणी द्यायला, चांदण्या रात्री बऱ्या. सरी फुटलेली दिसते, पायाखालचं जनावर दिसतं. काळोख्या पंधरवड्यात बॅटरी, गमबूट आणि सोबतीला माणूस. राखणीलाही तेच, रानडुकरं अंधारात जास्त धीट होतात.

राहिला बांबू. वद्य पक्षात, शक्यतो अमावस्येजवळ तोडला तर त्याला भुंगा लागत नाही, असं सुतार-बुरूड सांगतात. भुंगा लागतो बांबूतल्या पिठाळ अंशामुळं, आणि तो अंश मुख्यतः ऋतूवर आणि बांबूच्या वयावर कमी-जास्त होतो. तुम्हाला टोमॅटोच्या ताटीला काठ्या हव्यात, तर पावसाळ्यात नवे कोंब फुटत असताना बेटाला हात लावू नका. पावसाळा सरल्यावर, थंडीत, तीन-चार वर्षांचे पक्के बांबू निवडून तोडा; वद्य पक्ष साधत असेल तर साधा, आठ-पंधरा दिवस इकडं-तिकडं झाले तर तोटा नाही. तोडले की शेततळ्यात दगड ठेवून दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. पाण्याला वास सुटेल, ते पिठूळ पाणीच बाहेर येतंय. मग सावलीत उभे करून वाळवा, आडवे टाकू नका, आणि जमिनीत जाणाऱ्या टोकाला हातभर डांबर लावा.